विदर्भातला सिकलसेल ‘सौम्य’ कसा ठरला

रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या गार पाण्यात दिवसभर वाकून राहणे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना तहानेकडे दुर्लक्ष होणे, किंवा पौषातली पहाटेची थंडी अंगावर घेणे, यांतले कोणतेही एक कारण सिकलसेलच्या रुग्णाच्या हाडांत कळा उठवायला पुरते. त्याच्या रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन सोडल्यावर कडक होतात, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. गोंदिया-गडचिरोलीकडे धान कापण्याचा इळा ज्याच्या रोज हातात असतो, त्याला या आजाराचे नाव उलगडून सांगावे लागत नाही. इतिहास मात्र उलगडावा लागतो, कारण त्यात ‘सौम्य’ हे एक विशेषण येते आणि त्या विशेषणाने आपल्याकडच्या रुग्णांकडे दुर्लक्ष व्हायला मदत केली, असे मला वाटते.

या पेशींची पहिली प्रसिद्ध नोंद १९१० सालची आहे. शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्या आढळल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले. हा दोष म्हणजे हिमोग्लोबिनच्या १४६ अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाच्या १४६ मण्यांच्या, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणे, हे १९५६-५७ च्या सुमारास केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी सिद्ध केले. एवढ्याशा बदलाने माणूस आयुष्यभर ठणकत राहतो, हे कळायला जवळपास अर्धे शतक गेले.

त्याच काळातले एक निरीक्षण मात्र पुष्कळ दिवस मागे पडले. ब्रुकलिनमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली लिहिले, की दोष जन्मतः असूनही तान्ह्या बाळांत आजाराची लक्षणे दिसत नाहीत, आणि याचे कारण त्यांच्या रक्तात अजून शिल्लक असलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे. पोटात असताना बाळाचे रक्त याच हिमोग्लोबिनवर चालते. जन्मानंतरच्या महिन्यांत ते ओसरते आणि त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. ते ओसरले की आजार डोके वर काढतो. बाळाच्या हातापायांवर सूज येते, ते हात लावू देत नाही, आणि घरच्यांना ते कुठेतरी पडले असावे असे वाटते. विदर्भातल्या सिकलसेलची पुढची कथा बरीचशी या हिमोग्लोबिनभोवती फिरते.

भारतात हा आजार आहे याची नोंद १९५२ मध्ये झाली, तीही दक्षिणेत. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत विळापेशी आढळल्या. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांची मध्य भारतातील सिकलसेलविषयीची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. म्हणजे आपला मुलूख या आजाराच्या जागतिक नकाशावर येऊन साठाहून अधिक वर्षे लोटली आहेत, हे ‘हे नवीनच काहीतरी निघालं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. दरम्यान १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले होते, की सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या व्यक्तीला, म्हणजे वाहकाला, गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिले, याचा खुलासा त्यातून होतो. आदिवासींमध्ये, विशेषतः माडिया, गोंड, परधान अशा जमातींत, त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. पण विदर्भात ते अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतील अनेक समाजांतही आहे. ‘सिकलसेल म्हणजे आदिवासींचा आजार’ ही समजूत म्हणूनच अपुरी आहे, आणि ती गावकऱ्यांपेक्षा कागदपत्रांत अधिक घट्ट बसलेली दिसते.

आता त्या विशेषणाकडे येऊ. १९८० च्या दशकात जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए तपासणे शक्य झाले, तेव्हा भारतातील आणि अरबस्तानाच्या पूर्व भागातील रुग्णांत एक वेगळाच सामायिक नमुना आढळला. त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी तो आफ्रिकेतील नमुन्यांपासून वेगळा असल्याचे दाखवले, आणि याच सुमारास ओडिशातील रुग्णांच्या पाहणीत त्यांचे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेच जास्त व आजार जमैकातील आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या तुलनेत हलका असल्याचे दिसले. सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातूनही असेच अहवाल आले होते. निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर होते. चूक झाली ती त्यांतून ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ असे सरसकट वाक्य तयार होण्यात. सिकलसेलसोबत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोषही असल्यास आजाराचा जोर काहीसा कमी होतो आणि त्याचे प्रमाण समाजागणिक बदलते, हा बारकावा त्या वाक्यात उरला नाही.

नागपूरला आलेल्या पाल्यांच्या आईवडिलांना हे वाक्य कोणी सांगितले असते, तर त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नसता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला सगळा विदर्भ नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेबरोबर नवजात बालकांची तपासणी करून आजार निघालेल्या मुलांवर पुढे लक्ष ठेवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही मुले बरी राहिली, तर काहींना लहान वयातच तीव्र वेदना, जंतुसंसर्ग आणि रक्त चढवण्याची वेळ आली. एकच जनुक, एकच हॅप्लोटाइप, तरी वाट्याला येणारे भोग वेगवेगळे.

याच गटाचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते, हे अमेरिकेतील १९९५ च्या चाचणीने दाखवले होते. तिकडची रीत अशी, की मात्रा सोसेल तिथवर वाढवत न्यायची, आणि त्यासाठी रक्ताची तपासणी वारंवार करायची. कोरची किंवा धारणीसारख्या तालुक्यातून दर पंधरवड्याला कोण येणार? नागपूरच्या डॉक्टरांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरावीक मात्रा दिली, व तेवढ्यानेही झटके लक्षणीय घटल्याचे २०१२ मध्ये नोंदवले.

औषधाआधी निदान हवे, आणि गावात ते सोल्युबिलिटी चाचणीने सुरू होते. बोट टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा आणि नळी रेघांच्या कागदासमोर धरायची. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर रक्तात दोष आहे. पण ही नळी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते, आणि मग अहवालात ‘एएस’ म्हणजे वाहक किंवा ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असे येते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तर ही चाचणी उपयोगाचीच नाही, कारण तेव्हा वॉटसनबाईंचे ते हिमोग्लोबिन भरपूर असते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘चारांत एक’ असे सांगितले की पहिले मूल आजारी निघालेल्या घरात ‘आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब मांडला जातो, म्हणून ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द आशाताईंना पुन्हा पुन्हा सांगावे लागतात.

२००८ मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने बीसीएल-११-ए हे जनुक गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारे बटण असल्याचे दाखवले. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांच्या कामातून क्रिस्पर हे जनुके कापण्याचे तंत्र हाती आले. या दोन्हींच्या जोडणीतून कॅसजेव्ही ही उपचारपद्धती तयार झाली आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढून त्यांतले हे बटण निकामी करतात, म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते, जोरदार केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि सुधारलेल्या पेशी परत सोडतात. अमेरिकेतील किंमत आहे २२ लाख डॉलर. दिल्लीची जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्था स्वतःच्या क्रिस्पर तंत्रावर स्वस्त देशी उपचार उभा करत आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. तपासणीतून सापडणाऱ्या मुलांच्या हाती आज पडते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, आणि तिची सर्वत्र मिळणारी ताकद ५०० मिलिग्रॅमची आहे. १५ किलोच्या मुलाला नागपूरच्या हिशेबाने रोज १५० मिलिग्रॅम लागते. मग आईला ती कॅप्सूल उघडून, भुकटी हाताला लागू न देता, मोजून घेतलेल्या पाण्यात विरघळवावी लागते आणि त्यातला तेवढाच भाग सिरिंजने मुलाच्या तोंडात सोडावा लागतो.