वारुळावरच्या अळंबीची ओळख

वारुळावरची अळंबी ही पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानांत आणि कोकण-गोव्यातल्या वारुळांवर उगवणारी खाद्य अळंबी. गोव्यात ती रोण अळमी म्हणून ओळखली जाते. तिच्या वंशाचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. हा वंश फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये स्थापला. वाळवी अर्धवट पचलेल्या लाकूड-पाल्याचे स्पंजासारखे पोळे जमिनीखाली रचते. त्यावर वाढणारे या अळंबीचे कवक, म्हणजे बुरशी, लाकडातला चिवट भाग फोडते आणि वाळवीला अन्न मिळते.

ओळखीची सर्वांत मोठी खूण मातीत असते. बहुतेक जातींत देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत थेट त्या पोळ्यापर्यंत जातो. म्हणून अळंबी ओढून किंवा कापून घेतली, तर ओळख तिथेच अर्धी बुडाली. निदान एक तरी हलक्या हाताने खणून काढावी. छत्रीच्या मध्यावर कठीण, बहुधा गडद रंगाचे टोक असते. माती भेदून वर येते ते हेच. छत्रीखालचे पांढरे कल्ले, म्हणजे पातळ पात्यांसारख्या घड्या, देठाला चिकटलेले नसतात.

कल्ल्यांची बाजू खाली करून छत्री रात्रभर कागदावर झाकून ठेवली, की सकाळी बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या सूक्ष्म बीजांचा, फिकट गुलाबी ठसा दिसतो. ठसा हिरवट आला, तर ती गवतात उगवणारी क्लोरोफायलम ही विषारी अळंबी असू शकते. पांढरा आला, तर अमानिता या अळंबीचा संशय घ्यावा: तिच्या देठाच्या बुडाशी अनेकदा पिशवीसारखे वेष्टन असते आणि तिच्या काही जाती जीवघेण्या आहेत. मात्र नुसत्या गुलाबी ठशावर विसंबणेही धोक्याचे, कारण एंटोलोमा या दुसऱ्या अळंबीचा ठसाही गुलाबीच येतो. तिचे कल्ले देठाला चिकटलेले असतात. देठावरचे कडेही निर्णायक नाही. टर्मिटोमायसिस हाइमी या भारतीय जातीला ते असते, इतर अनेक जातींना नसते.

चांदीचे नाणे काळे पडते का, किड्यांनी ती खाल्ली आहे का, या कसोट्यांना काहीही आधार नाही. प्राणघातक अमानितांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात, म्हणून थोडी चाखून पाहण्याचा मार्ग तर मुळीच नको.

न उमललेल्या कळ्या लोक आवडीने खातात, पण ओळखायला त्याच सर्वांत अवघड. कळी उभी चिरून पाहावी. सभोवती पिशवी आणि आत छोट्या छत्रीचा आकार दिसला, तर ती टाकून द्यावी.