सणाच्या ताटातून हॉटेलच्या थाळीत: कोकणातल्या बाहेरच्या जेवणाची पार्श्वभूमी

मालवण, गुहागर किंवा श्रीवर्धनला सुट्टीत गेलेला माणूस हॉटेलात जे मागवतो, ते बहुतेक सगळं मुळात सणाचं जेवण आहे. कोंबडी-वडे गौरीच्या सणाचे आणि जावई-पाहुण्यांच्या मानाचे, घावन-घाटलं (तांदळाची धिरडी आणि गुळाची खीर) गौरीच्या नैवेद्याचं, मोदक चतुर्थीचे, खाजं जत्रेचं. पैसे मोजून परक्याकडे जेवण्याची सोय या किनाऱ्यावर फार उशिरा आली, आणि आली तीही बरीचशी मुंबईमार्गे. तोवर इथे दोनच गोष्टी होत्या: घरचं ताट आणि वाटेची शिदोरी.

शिदोरीचेही नियम होते. सोवळं-ओवळं पाळणारे लोक पाण्यात शिजवलेलं अन्न वाटेत खात नसत. म्हणून पीठ दुधात भिजवून दशम्या करायच्या. त्या दोन-तीन दिवस मऊ राहतात आणि सोवळ्यातही चालतात. सोबत गूळ, सुकी चटणी, लोणचं. बाकीच्यांकडे तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा किंवा सुकटीची चटणी. तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, त्यामुळे ती शिदोरी एका दिवसाच्या वाटेपुरतीच. देवस्थानाला आलेला माणूस उतरायचा तो उपाध्यांच्या घरी. तिथे पानावर बसायचं आणि निघताना दक्षिणा ठेवायची. गणपतीपुळे, हेदवी, हरिहरेश्वर या भागांत आज ज्या घरगुती खानावळी दिसतात, त्यांचं मूळ या वहिवाटीत शोधावं लागतं.

मोठा प्रवास होई तो आगबोटीने. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जाई. बहुतेक ठिकाणी ती बाहेर नांगर टाकी आणि माणसं, ट्रंका, पेट्या होडीतून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद असे, त्यामुळे भाद्रपदातल्या गणपतीला गावी पोहोचणं हे एक दिव्यच होतं. मुंबई बंदरातल्या जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. दिवस आषाढ अमावास्येचे होते. श्रावण लागण्याआधी घरी जाऊन चार घास खावेत, या ओढीने निघालेलेही त्या बोटीत होते. सणाला घरी जेवण्यासाठी इथल्या माणसाने काय काय जोखीम पत्करली, ते या घटनेवरून कळतं.

बाहेरच्या जेवणाची खरी सुरुवात मुंबईच्या गिरणगावात झाली. लालबाग, परळ, शिवडी इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून आलेले असत. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका चाळीतल्याच, बऱ्याचदा नवऱ्याची नोकरी गेलेल्या किंवा एकट्या राहिलेल्या. हिशेब महिन्याचा असे, खाडे झाले तर ते वजा होत, मांसाहाराचे वार ठरलेले असत आणि सोमवार-गुरुवार शाकाहारी. पैसे पगाराच्या दिवशी मिळत, म्हणून महिनाभराचा किराणा सावकाराच्या कर्जावर भरावा लागे. या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला आणि ही गिऱ्हाइकं विखुरली. कित्येक कामगार गावी परतले. पण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. गावोगाव वेगळी असणारी कोकणी चव मुंबईच्या खानावळीत एका साच्यात बसली होती: भाकरी किंवा चपाती, भात, माशाची आमटी, तळलेली एक तुकडी, सोलकढी. आज आपण जिला मालवणी थाळी म्हणतो, तिचा आराखडा तिथला आहे. तो किनाऱ्यावर परत आला, तेव्हा त्यात वडे-सागोती (वडे आणि मांसाचा रस्सा) आली आणि सणाचा पदार्थ रोजचा झाला.

परत येण्याचा रस्ता एसटीने आणि रेल्वेने करून दिला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढच्या वर्षांत ती कोकणातल्या वाड्यावाड्यांपर्यंत गेली. रात्रीच्या गाडीचे थांबे ठरले आणि थांब्यांपाशी चहा, भजी, मिसळ, उसळ-पाव मिळू लागला. हे पदार्थ घाईचे. त्यांत कोकण फारसं नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. चाकरमान्यांसोबत आता ज्यांचं इथे घर नाही असेही लोक सुट्टीला येऊ लागले. त्यांना जेवायला कुणाकडे तरी पैसे देऊनच जावं लागणार होतं. किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं आणि घरगुती खानावळी या काळानंतरच्या आहेत.

वड्यांचं उदाहरण जरा जवळून पाहावं, कारण सण हॉटेलात आला की काय बिघडतं ते त्यात स्वच्छ दिसतं. घरोघरी प्रमाण बदलतं, पण चालणारं माप असं: जाडे तांदूळ एक किलो, उडीद डाळ पाव किलो, चणाडाळ साधारण १०० ग्रॅम, धणे मूठभर, मेथी एक मोठा चमचा, आवडीप्रमाणे थोडी बडीशेप. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, सगळं हलकं भाजायचं आणि गिरणीत रवाळ दळून आणायचं. पीठ कडकडीत गरम पाण्यात, मीठ आणि चमचाभर गरम तेल घालून घट्ट भिजवायचं आणि तीन-चार तास झाकून ठेवायचं. मेथी आणि उडीद फुगून पीठ हलकं होण्याला तेवढा वेळ लागतोच. मग केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकवर पाण्याच्या हाताने थापून कडक तापलेल्या तेलात सोडायचा आणि झाऱ्याने वर तेल उडवायचं. वडा बसका राहिला तर तीनपैकी एक कारण असतं: पीठ मुरलं नाही, तेल तापलं नाही किंवा कडा पातळ आणि मध्य जाड थापला गेला. पीठ मैद्यासारखं बारीक दळलं असेल तर वडा तेल पितो आणि गार झाल्यावर चामट होतो. गर्दीच्या दिवसांत हॉटेलात नेमका मुरण्याचा वेळ कापला जातो आणि उडदाऐवजी गव्हाचं पीठ वाढतं. त्याची पुरी होते, वडा होत नाही. चांगल्या वड्याला मेथीचा किंचित कडूसर वास आणि दाताखाली रवाळपणा असतो.

गौरीच्या सणात याला मुबलक वेळ असे. गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर पुजली जाते आणि मूळ नक्षत्रावर जाते. कोकणातल्या अनेक घरांत पूजेच्या दिवशी तिला वडे आणि मटणाचा नैवेद्य असतो, काही ठिकाणी मासळीचाही. शेजारच्याच घरात गौरीला घावन-घाटलं. दोन्ही नैवेद्य तितकेच जुने आणि तितक्याच श्रद्धेचे. गणपतीत कोकणी माणूस शाकाहारीच असतो असं बाहेरून आलेला धरून चालतो, ते अर्धंच खरं आहे.

सोलकढी हॉटेलात सर्वांत जास्त फसते. एका मध्यम नारळाचं खोबरं दोन वाट्या कोमट पाण्यात वाटून घट्ट रस काढायचा, चोथ्याचा दुसरा रस त्यात मिसळायचा. दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कोळायची किंवा त्याऐवजी बेताने आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालायचं. लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची वाटून, वर कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ शेवटी चाखून घालावं. रंग फिकट गुलाबी यायला हवा. भडक गुलाबी दिसली तर तिच्यात सरबताचं गोड कोकम किंवा रंग आहे असं खुशाल समजावं. नारळाचा रस तापवला की फुटतो आणि उन्हाळ्यात चार-पाच तास बाहेर राहिला तर त्याला खवट वास येतो. सकाळी केलेली कढी रात्रीच्या जेवणाला घेऊ नये.

मासळीला स्वतःचं पंचांग आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. पूर्वी महाराष्ट्रात ती १० जूनला सुरू होऊन नारळी पौर्णिमेला किंवा १५ ऑगस्टला, जे आधी येईल तेव्हा, संपे. कायद्याच्या आधीपासून कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहूनच होड्या लोटत आला आहे. या दोन महिन्यांत हॉटेलात सुरमई-पापलेट मिळालं तर ते बर्फातलं किंवा दुरून आलेलं. त्याऐवजी खाडीतली मासळी, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे) किंवा आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेलं सुकं मागावं: सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), गोलमा (सुका जवळा), सुक्या बोंबलाचं कालवण. ही पावसाळ्याची खरी कोकणी जेवणं आहेत, आणि ती पाहुण्याला द्यायला हॉटेलवाले उगाच संकोचतात. नंतर श्रावण येतो, मग गणपती. मासळीचा सुकाळ त्यापुढचा, हिवाळाभर चालणारा.

त्या काळातही सगळे सुरमई आणि पापलेटच मागतात, म्हणून भाव त्यांचाच चढतो. सौंदाळे, मुडदुशे, पेडवे, तारली हे मासे त्याच दिवशीचे आणि स्वस्त असतात. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाट तिखट कालवणात, तिरफळ हा उग्र वासाचा मसाला हवाच. ते ठेचून, आतली काळी बी काढून, उकळी येताना घालतात. बी राहिली तर कडवटपणा उतरतो. तिरफळ वासापुरतं असतं, पानात आलं तर बाजूला काढायचं. तळलेल्या तुकडीला मालवणात तांदळाचं पीठ आणि रवा दोन्ही लावतात. रवा जाड थरात असेल तर आतला मासा जुना आहे का, हे पाहावं. तिसऱ्या उकळल्यावर ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्यायच्या. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो. तिथे मासा स्वतः घेऊन जवळच्या खानावळीत करून मागणं सर्वांत खात्रीचं.

दिवाळी इथे पोह्यांची. नव्या भाताचे पोहे कांडून नरकचतुर्दशीला गूळपोहे, दहीपोहे, ताकातले पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. हॉटेलच्या पाटीवर हे येत नाही, ओळखीच्या घरीच मिळतं. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. रात्रभर दशावतार आणि बाहेर भज्यांच्या कढया, खाज्याचे ढीग. खाजं म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्या आल्याच्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या. पाक कच्चा राहिला तर दुसऱ्या दिवशी चिकट होतं, नीट झाला तर गूळ पांढरट कोरडा दिसतो आणि खाजं पंधरा दिवस टिकतं. पिशवीत बांधून घ्यायचं तर कोरडं पाहूनच घ्यावं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. म्हणून तारीख जाहीर होण्याआधी तिकिटं काढता येत नाहीत आणि झाल्यावर मिळत नाहीत.

घरगुती खानावळ हा मात्र या सगळ्यातला सर्वांत जपण्यासारखा भाग. १९९७ च्या नोव्हेंबरात दिवेआगरला सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणेश सापडला आणि एका शांत गावाकडे गाड्यांची रीघ लागली. तिथे तेव्हा हॉटेलं नव्हती, वाड्या होत्या. वाडीतल्या घरांनी ओटीवर पानं मांडली. मार्च २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेली, तरी खानावळी टिकल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी झोपवल्या. नव्या लावलेल्या पोफळीला फळ धरायला काही वर्षं जातात, नारळाच्या जुन्या जातींना त्याहून जास्त. वाडीतला नारळ गेला की जेवण घालणाऱ्या घराला तो विकत आणावा लागतो आणि ताटाचं गणित बदलतं. दर वाढला म्हणून हुज्जत घालणाऱ्या पाहुण्याने एवढं लक्षात घ्यावं.

अशा घरात जेवणाची वर्दी आदल्या रात्री किंवा सकाळी आठ-नऊच्या आत द्यावी आणि माणसांबरोबर मोदकांचा आकडाही सांगावा. मोदकांच्या उकडीला वेळ लागतो: एका वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. नव्या तांदळाला पाणी थोडं कमी. उकड हाताला चटके बसतील इतकी गरम असताना मळावी लागते. गार झाली की पारीला चिरा जातात आणि वाफवताना सारण बाहेर येतं. एका वाटीचे आठ-दहा मोदक होतात, वाफ दहा-बारा मिनिटं. वीस माणसांचे साठ मोदक एकटी बाई वळणार असेल तर सकाळचे दोन तास तिथेच जातात. दुपारी एक वाजता येऊन ‘मोदक आहेत का’ विचारणाऱ्याला म्हणूनच नाही म्हणावं लागतं. अंगारकीला आणि माघी चतुर्थीला गणपतीपुळ्यात तर वर्दीशिवाय साधं ताटही मिळणं कठीण. आणि भाद्रपदातल्या गणपतीत यांतल्या बऱ्याच चुली बाहेरच्यांसाठी बंदच असतात. घरचा गणपती, घरची माणसं, दीड किंवा पाच दिवस किंवा गौरीबरोबर विसर्जन होईपर्यंत. त्या दिवसांत कोकणात फिरायला जायचं असेल तर आधी फोन करून कुठली खानावळ चालू आहे ते विचारावं, नाहीतर सोबत दशम्या बांधून घ्याव्यात.