लान्चौच्या वाडग्यातला खार

चीनच्या वायव्येला गान्सू प्रांत आहे आणि पीत नदीच्या दोन्ही काठांवर लांबट पसरलेलं लान्चौ ही त्याची राजधानी. या शहराची सकाळ बीफ नूडल सूपने सुरू होते. न्याहारीलाच. जुन्या वळणाची दुकानं दुपार कलली की शटर ओढतात. रीत सोपी आहे: गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची आणि नूडल कशी हवी ते सांगायचं. माओशी अगदी बारीक, अरशी त्याहून भरीव, च्यौये चपटी, दाख्वान चांगली रुंद पट्टी. आतला माणूस कणकेचा लोळा उचलतो, ताणतो, दुमडतो, पुन्हा ताणतो, आणि काही मिनिटांत वाफाळता वाडगा तुमच्या हातात येतो. सुरी नाही, यंत्र नाही, साचा नाही.

सध्याच्या रूपातल्या या सुपाचं श्रेय मा बाओझी या, हुई या चिनी मुस्लिम समाजातल्या विक्रेत्याला देतात. साल सांगतात १९१५. आजही हे सूप हलालच असतं.

खिडकीपलीकडे चाललेलं काम म्हणजे दुपटीचा हिशोब. एक दोर दुमडला की दोन पदर, ते ताणून पुन्हा दुमडले की चार, मग आठ. सातव्या खेपेला १२८, आठव्या खेपेला २५६. प्रत्येक वेळी हात तेवढेच फाकतात, म्हणजे पदराची लांबी तीच राहते. कणीक मात्र दुप्पट पदरांत वाटली जाते. त्यामुळे दर दोन खेपांना जाडी निम्मी होते. अडीच सेंटिमीटर जाडीच्या दोरापासून सुरुवात केली, तर आठ खेपांनंतर पदर साधारण दीड मिलिमीटरचा उरतो. आणखी दोन खेपा केल्या की मिलिमीटरच्याही आत. गणित शाळकरी पोरालाही जमेल. अवघड आहे ते २५६ पदरांपैकी एकही न तुटणं.

ते जमतं गव्हातल्या दोन प्रथिनांमुळे. पिठात पाणी पडलं की ग्लुटेनिन आणि ग्लायडिन एकत्र येऊन ग्लुटेनचं जाळं विणतात. ग्लुटेनिनमुळे कणीक ताणली तरी मागे येते, ग्लायडिनमुळे ती न तुटता वाहती राहते. नुसती मळलेली कणीक ताणून पाहा, हात सोडला की आखडते. म्हणून लान्चौत ती मळतात, झाकून मुरू देतात, पुन्हा मळतात, ओट्यावर आपटतात, पिळतात. या दणक्यात लांब रेणू एका दिशेने लागतात आणि मुरताना त्यांच्यातला ताण सैलावतो.

एवढं करूनही काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं करतो खार.

गान्सूच्या कोरड्या, खारपड माळावर उगवणारी झुडपं खड्ड्यात जाळली की त्यांची राख वितळून गोळा होते आणि थंड झाल्यावर तिचे करडे, सच्छिद्र खडे बनतात. त्याला म्हणतात फंगह्वी. खडा पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि ते पाणी थोडं थोडं कणकेत जिरवायचं. त्यातला मुख्य घटक पोटॅशियम कार्बोनेट. मराठी घरात ही वस्तू परकी वाटायचं कारण नाही. उडदाच्या पापडात पडणारा पापडखार म्हणजे पूर्वी असाच, वाळवंटी भागातली खारी झुडपं जाळून काढलेला सज्जीखार. त्यात सोडियमचे क्षार जास्त, फंगह्वीत पोटॅशियमचे, कुळी एकच. आता पापडखारही कारखान्यातून येतो आणि लान्चौतही बहुतेक दुकानं तयार पूडच वापरतात. चवीत फरक पडतो, असं जुने खवय्ये सांगतात. ते खरं असावं, कारण राखेत कार्बोनेटखेरीज आणखीही क्षार असतात.

खार पडला की कणकेचा सामू (pH, आम्ल-क्षारपणाचं माप) ९ ते ११ पर्यंत चढतो. ग्लुटेनचे रेणू एकमेकांशी गंधकाच्या गाठींनी बांधलेले असतात. क्षारधर्मी पाण्यात या गाठींची अदलाबदल सहज होऊ लागते, म्हणजे एक सुटते तोवर दुसरीकडे नवी बसते. कणीक चिवट होते, शिजल्यावरही नूडल दाताला लागते. तिचा पिवळसर रंगही खाराचाच. पिठातले फ्लेवोन जातीचे रंगद्रव्य एरवी दिसत नाही, क्षारात ते पिवळं पडतं. त्यात अंडं असावं असा अनेकांचा समज होतो, पण नसतं. जपानी रामेनचा पिवळेपणाही याच जातीच्या क्षारांचा. फुकट काहीच मिळत नाही म्हणा. खारामुळे पिठातल्या ब-१ जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो.

ग्लुटेन नसेल तर काय? लान्चौच्या पश्चिमेला, शेजारच्या छिंगहाय प्रांतात लाच्या नावाचं उत्खननस्थळ आहे. तिथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या, पालथ्या पडलेल्या मातीच्या वाडग्याखाली नूडल सापडल्या. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ही बातमी आली. त्या राळ्याच्या आणि वरीच्या जातीच्या धान्यांच्या होत्या, आणि या धान्यांत ग्लुटेन नसतं. मग सुरुवातीला म्हटलं गेलं तसं ते पीठ हाताने ताणलं कसं असेल? यावर बराच वाद झाला. पुढे संशोधकांनी राळ्याचं पीठ अर्धवट शिजवून, दाबून काढून तशा नूडल करून दाखवल्या. म्हणजे आपल्या भाषेत सोऱ्या.

आता रस्सा. लान्चौकर वाडगा जोखताना पाच रंग बघतात: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर-लसूणपात हिरवी, नूडल पिवळी. यातलं सगळ्यात कठीण पहिलं. हाडं खळाखळा उकळली की चरबीचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात आणि रस्सा दुधाळ होतो. म्हणून आच मंद ठेवायची. शिवाय मांस भिजवलेलं रक्ताळ पाणी टाकून देत नाहीत. ते रश्श्यात परत घालून तापवलं की त्यातली प्रथिनं साकळतात, तरंगणारा गाळ आपल्यात ओढून घेतात, आणि मग तो साका काढून टाकता येतो. हे पहिल्यांदा वाचताना कसंसंच वाटतं, पण रसायनशास्त्र चोख आहे. मसाल्यात ह्वाच्याओ असतो, आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाच्याच प्रजातीतला. नूडल मात्र या रश्श्यात कधीच शिजवत नाहीत. ती वेगळ्या पाण्यात उकळतात, कारण सुटलेला स्टार्च आणि खार नितळपणाची वाट लावतील. लाल तेल वर तरंगतं, खालचा रस्सा तसाच राहतो. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही.

टेबलावर काळपट व्हिनेगरची किटली असते, ती जरूर वापरावी. कणकेतल्या खाराची किंचित साबणी चव आम्लाने मारली जाते. फक्त ते शेवटी घालावं, आधी दोन घोट नुसत्या रश्श्याचे घ्यावेत.

खिडकीत काय मागावं, याचंही उत्तर पदराच्या जाडीत आहे. पाणी नूडलच्या गाभ्यापर्यंत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. म्हणून दाख्वान कितीही रुंद असली तरी पातळ पट्टी असल्याने पटकन शिजते. माओशी उकळत्या पाण्यात क्षणभरच लागते, पण वाडग्यात पडल्यावरही फुगत राहते आणि गप्पा मारत खाणाऱ्याच्या हाती लगदा येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने अरशी मागावी. ती थोडा वेळ देते. तरीही आजूबाजूचे लान्चौकर तुमच्या आधी वाडगा संपवून उठलेले असतील.