प्लॅन शंभर मेगाबिटचा, तरी कॉल का अडखळतो?

घरात कोणी फोनमधले फोटो क्लाउडवर चढवू लागले की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल तुटक होतो, आणि मग बहुतेक जण आणखी महागडा प्लॅन घेतात. स्पीड टेस्टचा मोठा आकडा सेकंदाला किती माहिती वाहून जाते एवढेच सांगतो. संभाषणाला मात्र माहितीचे प्रत्येक पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, वेळेवर पोहोचावे लागते.

कोंडी वस्तीतही होते. फायबरच्या जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिटची एकच वाहिनी स्प्लिटरमधून अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, त्यामुळे रात्री सगळे एकदम व्हिडिओ पाहू लागले की प्रत्येकाचा वाटा घटू शकतो. फोटोंमुळे होणारी कोंडी मात्र घराच्या उंबरठ्यावरच, अपलोडच्या अरुंद वाटेवर होते.

इंटरनेटवरील बरीचशी वाहतूक ज्या टीसीपी नियमांनी चालते, त्यांत पाठवणाऱ्या यंत्राला वाटेची रुंदी आधी ठाऊक नसते. पोचपावत्या येत राहिल्या की ते वेग वाढवत जाते आणि एखादे पॅकेट गहाळ झाले की वाट भरली असे समजून वेग झटकन कमी करते. हे शहाणपण ठेच लागल्यावर आले. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून जेमतेम ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला, कारण रांगेत अडकलेली पॅकेट्स यंत्रे पुन्हापुन्हा पाठवत राहिली. संगणक-जाळ्यांचे संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेले उपाय आजही टीसीपीच्या गाभ्याशी आहेत.

म्हणजे पॅकेट गहाळ होणे हा या व्यवस्थेतला आवश्यक इशारा आहे. मेमरी स्वस्त झाल्यावर मोडेम-राउटरमध्ये मोठाले बफर, म्हणजे पॅकेट तात्पुरती साठवण्याच्या जागा, आले, पॅकेट टाकून देण्याऐवजी रांगेत साठू लागले आणि इशाराच उशिरा मिळू लागला. समजा, अपलोडचा वेग १० मेगाबिट आहे आणि बफर एक मेगाबाइटचा, म्हणजे ८० लाख बिटांचा आहे. तो भरला की नव्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावे लागते; बोलण्यात मात्र एका दिशेचा ०.१५ सेकंदांपर्यंतचाच विलंब सहसा खटकत नाही. सॉफ्टवेअर अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर या दोषाचा माग काढला आणि ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केले.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ पद्धत रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजते. हा वेळ १०० मिलिसेकंद सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की ती पॅकेट टाकू लागते आणि पाठवणारे यंत्र वेळीच सावरते. ‘स्पीड बूस्टर’ अॅपच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. राउटरमधल्या रांगेवर फोनमधल्या अॅपची सत्ता चालत नाही.

मोठी फाइल चढवताना पिंगची वेळ, म्हणजे छोटा संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, पाहावी. ती वीसवरून पाचशे मिलिसेकंदांवर गेली, तर ज्या राउटरमध्ये कोडेलसारखी सोय असते, त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता ती आवरू शकणाऱ्या राउटरमध्येच लागते.