अपघात विभागातील गर्दी दारात नव्हे, वॉर्डात तयार होते

कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, शहरातील रुग्ण येतात तसेच गगनबावडा-राधानगरीच्या डोंगराळ भागातून, सिंधुदुर्गातून आणि सीमेपलीकडच्या निपाणी परिसरातूनही येतात. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागातील गर्दीचा विषय निघाला की ‘साध्या सर्दी-तापाची माणसे तिथे जातातच कशाला?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. दोष कुणाला तरी देता येतो, म्हणून हे उत्तर पटकन पटते. परंतु गणित वेगळेच सांगते.

आधी रुग्णांच्या येण्याकडे पाहू. डॅनिश गणितज्ञ ॲग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलविषयी दाखवून दिले की परस्परांशी संबंध नसलेल्या घटना समान अंतराने न घडता मध्येच दाटी करतात, मध्येच विरळ होतात, आणि या अनियमितपणालाही पॉयसाँ वितरणाचा, म्हणजे ठरावीक काळात किती घटना घडण्याची शक्यता किती हे सांगणारा, नियम असतो. तासाला सरासरी ३ रुग्ण येत असतील, तर २४ तासांपैकी सुमारे २ तासांत ६ किंवा त्याहून अधिक रुग्ण येतील आणि एखादा तास पूर्ण रिकामाही जाईल. अशी झुंबड अमावस्येला उडाली की ती लक्षात राहते, साध्या मंगळवारी उडालेली विसरली जाते. ड्युटीवर ‘आज शांत आहे’ असे म्हणू नये, हा रुग्णालयांतला समजही त्याच जातीचा आहे.

आता एकच डॉक्टर आहेत आणि एका रुग्णाला सरासरी १० मिनिटे लागतात, असे धरू. दहा तासांत त्यांची क्षमता ६० रुग्णांची झाली. अंबाबाईच्या दर्शनरांगेत प्रत्येकाला जवळपास सारखाच वेळ मिळतो, त्यामुळे ती लांब असली तरी सरकत राहते. इथे मात्र कुणाला ३ मिनिटे पुरतात, तर कुणाला ४० लागतात. येणेही अनियमित आणि तपासणीही अनियमित, अशा रांगेतील सरासरी प्रतीक्षेचे सर्वांत सोपे सूत्र असे आहे: भाराला, म्हणजे क्षमतेच्या वापरल्या जाणाऱ्या टक्क्यांना, मोकळ्या उरलेल्या क्षमतेच्या टक्क्यांनी भागायचे आणि त्या भागाकाराला तपासणीच्या सरासरी वेळेने गुणायचे. दहा तासांत ३० रुग्ण या वेगाने रुग्ण येत राहिले, तर भार ५० टक्के आणि प्रतीक्षा १० मिनिटे. ४८ रुग्ण आले, तर ८० भागिले २०, म्हणजे ४० मिनिटे. ५४ ला ९० मिनिटे आणि ५७ ला १९० मिनिटे. शेवटचे तीन रुग्ण वाढले, एवढ्यानेच प्रतीक्षा १०० मिनिटांनी वाढली. याचे कारण असे की सकाळी रिकामी गेलेली मिनिटे संध्याकाळसाठी साठवून ठेवता येत नाहीत, आणि एकदा साचलेली रांग केवळ मोकळ्या क्षमतेतूनच फिटते. ती क्षमता दहा तासांत तीनच रुग्णांची असेल, तर रांग फिटण्याआधीच पुढची झुंबड येते. डॉक्टर एकाऐवजी पाच असले तर आकडे सौम्य होतात, पण शंभर टक्क्यांजवळचा हा चढ तसाच राहतो. खाटांनाही हेच गणित लागू पडते.

विभागात एका वेळी किती माणसे असतील, हे सांगणारा नियम आणखी सोपा आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली: तासाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. उदाहरणादाखल तासाला ६ रुग्ण घेऊ. दोघे किरकोळ तक्रारींचे, अर्ध्या तासात जाणारे. त्यांची एका वेळची उपस्थिती १. दोघे तीन तास थांबून घरी जाणारे, त्यांची ६. उरलेल्या दोघांना दाखल करायचे आहे, त्यांचे उपचार दोन तासांत मार्गी लागतात, पण वॉर्डात बेड मिळेपर्यंत आणखी आठ तास ते तिथेच स्ट्रेचरवर राहतात, त्यांची २०. एकूण २७, आणि त्यांपैकी १६ जण केवळ बेडची वाट पाहत आहेत. किरकोळ रुग्ण सगळे परत पाठवले, तर २७ चे २६ होतील. बेडची प्रतीक्षा आठ तासांवरून चारवर आणली, तर १९ होतील. हे आकडे उदाहरणापुरते असले, तरी जास्त मुक्काम करणाराच गर्दी वाढवतो, ही गोष्ट गुणाकारातच आहे.

ही केवळ गैरसोय नाही. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत अपघात विभागातील गर्दीच्या काळात आलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले होते. तातडीनुसार रुग्णांची वर्गवारी केल्याने गंभीर रुग्ण आधी पाहिला जातो, ते आवश्यकच आहे. पण त्याने वॉर्डातला बेड रिकामा होत नाही.

बेड अडतो तो बहुधा घरी जाण्याच्या वाटेवर. सकाळच्या राउंडला सोडण्याचा निर्णय होतो. मग डिस्चार्ज कार्ड, औषधे, बिल किंवा जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, शिवाय गावाकडून एसटीने येणारे नातेवाईक, यांत दुपार उलटते. नवे रुग्ण मात्र सकाळपासूनच वाढू लागलेले असतात. घरी सोडण्याची तयारी आदल्या संध्याकाळी करणे, कागदपत्रांसाठी थांबलेल्या रुग्णांना खुर्च्या असलेल्या वेगळ्या खोलीत बसवणे आणि काही बेड जाणीवपूर्वक मोकळे ठेवणे, हे उपाय त्यामुळेच सुचवले जातात. त्यांतला शेवटचा प्रशासनाच्या गळी उतरवणे सर्वांत अवघड, कारण हिशेबात रिकामा बेड वाया गेलेला दिसतो. दिवसभरात किती रुग्ण तपासले, हा आकडा सगळीकडे अभिमानाने दिला जातो; दाखल करण्याचे ठरल्यापासून वॉर्डात पोचेपर्यंत किती वेळ गेला, हे केसपेपरवर त्या दोन्ही क्षणांच्या वेळा नोंदवून त्यांची वजाबाकी केली तरी कळते.