गाण्याच्या संध्याकाळी जेवायला येताना

आमच्या कॅफेत ज्या संध्याकाळी इथले स्थानिक कलाकार गातात-वाजवतात, त्या दिवशी टेबल राखून ठेवताना आम्ही एक जादा प्रश्न विचारतो: ऐकायला येताय, की गप्पा मारायला? प्रश्न आगाऊ वाटेल, पण तुमची जागा त्यावरच ठरते.

आमची खोली लहान आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. चार भिंतींच्या आत मात्र तो भिंतींवरून आणि काचांवरून परत फिरतो, त्यामुळे मागे बसल्यावर तो वाटतो तितका कमी होत नाही. कोपऱ्यातलं टेबल सगळ्यांना निवांत वाटतं. प्रत्यक्षात खर्जाचे सूर तिथेच जास्त घुमतात. नीट ऐकायचं असेल तर मधली टेबलं मागा. गप्पांसाठी स्पीकरच्या मागची बाजू बरी. लहान मुलं सोबत असतील तर स्पीकरजवळचं टेबल आम्ही देत नाही, आग्रह करू नये.

नेहमीचं बोलणं सुमारे 60 डेसिबल असतं. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला सूर चढवतो, मग शेजारच्या टेबलालाही चढवावा लागतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे 1911 मध्येच मांडून ठेवलं आहे. म्हणून गर्दी वाढली तरी आम्ही स्पीकर वाढवत नाही. ‘आवाज वाढवा’ आणि ‘आवाज कमी करा’ अशा दोन्ही चिठ्ठ्या आमच्याकडे एकाच संध्याकाळी येतात!

जेवणाची ऑर्डर कार्यक्रम सुरू होण्याआधी दिलेली उत्तम. गाणं चालू असताना कॉफीचा ग्राइंडर आणि मिक्सर बंद असतात, त्यामुळे कॉफी मध्यंतरात मिळेल, आणि तेव्हा सगळ्यांनाच ती एकदम हवी असते. ती आधीच सांगून ठेवा. आणखी एक गंमत: मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव फिकी लागते, असं 2011 मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं. मीठ कमी वाटलं तर स्वयंपाकघराला बोल लावण्याआधी हे आठवा. तरीही मीठ हवंच असेल, तर मागा.

गर्दीने खोली तापली की वाद्यांच्या तारा उतरतात. कलाकार मध्येच थांबून वाद्य लावू लागले, तर तेवढी दोन मिनिटं त्यांना द्या. फर्माईश चिठ्ठीवर लिहून, दोन गाण्यांच्या मध्ये पाठवा. पुष्कळ जण स्वतः रचलेली गाणी गातात, त्यामुळे प्रत्येक फर्माईश पुरी होईलच असं नाही. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी त्यांना विचारा, आणि फ्लॅश नको.

दाराजवळच्या डब्यात टाकलेले सगळे पैसे कलाकारांचे. ठरलेली बिदागी आम्ही वेगळी देतो, तुमच्या बिलात ती लावत नाही.

लवकर निघायचं असेल तर मध्यंतरातच बिल मागून घ्या.