करंट गेलाय की पेट्रोल? जुन्या आउटबोर्डचं रडगाणं एकच, दुखणी दोन

आमच्या घरी बजाजची स्कूटर होती तेव्हा ती रुसली की बाबा आधी तिला आडवी करायचे, मग दहा किका, मग प्लग काढून पॉलिश पेपर, आणि एवढं करूनही नाही झाली चालू तर येणारा-जाणारा कुणीतरी थांबून छातीठोकपणे सांगायचा, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की इथे विस्कॉन्सिनला एका घरगुती सेलमध्ये साठ डॉलरला १९५७ ची जॉन्सन सी-हॉर्स, म्हणजे होडीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटर, घेतली, साडेपाच हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, तेव्हा पहिला पाना कार्बोरेटरलाच लावला. एकदा नाही, तीनदा खोलला. दोष होता कॉइलमध्ये, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्यात.

म्हणून हे लिहितोय. करंटचं दुखणं आणि पेट्रोलचं दुखणं, लांबून दोन्ही सारखीच दिसतात. दोरी ओढून ओढून खांदा उतरतो पण मोटर उठत नाही, किंवा उठते आणि मरते, किंवा तळ्याच्या मधोमध जाऊन मरते आणि मग वल्हं मारत घरी. फरक आहे तो मरण्याच्या पद्धतीत.

पेट्रोल कमी पडलं की मोटर हळूहळू जाते. आवाज खाली येतो, परत जरा वर येतो, धाप लागल्यासारखं करते, मध्येच कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकते, आणि मग थांबते. करंट गेला की असलं काही नाटक नाही, कुणी बटण दाबल्यासारखी खाडकन बंद. दहा मिनिटं थांबून परत दोरी ओढली की पहिल्या झटक्यात चालू, आणि आपण म्हणतो पेट्रोलच नीट येत नसणार! पण ते थांबणं म्हणजे कॉइल थंड होणं असतं. त्या काळच्या या मोटरींच्या कॉइलचं वरचं आवरण जुनं होऊन तडकतं, थंड असताना काम चालतं, तापली की करंट त्या भेगेतून भलतीकडेच पळतो.

धापेच्या बाबतीत माझ्या मॉडेलला एक विचित्र गोष्ट आहे. हिला फ्युएल पंपच नाही. टाकीकडे जाणारी नळी दुहेरी, एकीतून इंजिनचा दाब टाकीत जातो आणि तो दाब दुसरीतून पेट्रोल वर ढकलतो, त्यामुळे टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की दाब निसटतो आणि कार्बोरेटर एकदम स्वच्छ असूनही मोटर उपाशी मरते. मरायला लागली की टाकीवरचं प्रायमरचं बटण दोन-तीनदा दाबून बघा. तरतरी आली तर दुखणं पेट्रोलचं, आणि तेही बहुतेक टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत. अर्धा चोक ओढूनही हेच कळतं, सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर दुसरीकडे बघा. (ती टाकी दाबाखाली असते, घरात किंवा बंद गाडीत ठेवू नका. दाब सोडून बाहेर ठेवा.)

प्लग काढून बघणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, पण तो जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त आपण ऐकतो. वीस वेळा दोरी ओढून प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये, इथपर्यंत ठीक. ओला असेल तर? करंट नसला तरी ओला, चोक जास्त ओढला तरी ओला. काळा असेल तर? पेट्रोल जास्त असेल, किंवा ठिणगी इतकी मरतुकडी असेल की आलेलं पेट्रोल नीट जळतच नाही. म्हणजे करंटचं दुखणं पेट्रोलचा वेष घालून येतं, आणि माझ्या अनुभवात उलटं फार कमी वेळा होतं.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते ठिणगीने. प्लग काढला, वायर लावली, इंजिनच्या धातूला टेकवून दोरी ओढली, ठिणगी दिसली, म्हटलं करंट झकास! चूक. प्लगचा गॅप ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणि मोकळ्या हवेत एवढीशी उडी मरायला टेकलेली कॉइलसुद्धा मारते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून तेवढ्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, तिथे ती हरते. खरी परीक्षा म्हणजे गॅप पाव इंचाचा ठेवायचा, सहा मिलिमीटर. साधा स्पार्क टेस्टर मिळतो, तो घ्या. दोन्ही प्लग काढून ठेवा म्हणजे मोटरीचं चाक जोरात फिरतं, आसपास पेट्रोल सांडलेलं नको, आणि दोरी ओढा. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी हवी. माझ्याकडे वरच्या सिलिंडरला ती आली. खालच्याला पिवळट काहीतरी एकदा आलं आणि परत नाही.

आणि इथे मी कपाळाला हात लावला, कारण या मोटरीला कार्बोरेटर एकच आहे आणि तो दोन्ही सिलिंडरना पाजतो! पण कॉइल दोन, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) दोन, त्यांच्या जोडीचे कंडेन्सर दोन, प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा. मग एकच सिलिंडर मेला असेल तर कार्बोरेटरवर आळ घ्यायचाच कशाला? कॉम्प्रेशन दोन्हीकडे साधारण सारखं आहे एवढं बघून घ्या, आणि थेट फ्लायव्हीलखाली, म्हणजे मोटरीच्या डोक्यावरच्या जड चाकाखाली जा.

फ्लायव्हील काढायला मधला नट सोडवून, त्यावर जी तीन भोकं आहेत त्यात बोल्ट लावणारा पुलर वापरायचा. कडेला आकडे अडकवून ओढू नका, हातोडीचे घाव तर नकोच. खाली पॉइंट दिसतात, स्कूटरवालेच आपले, त्याच चुलत घराण्यातले. वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्या तोंडावर करडी साय धरते आणि तेवढ्यानेच करंट बंद होतो. गंमत म्हणजे नव्या पॉइंटवरही गंज चढू नये म्हणून पातळ थर असतो, तोही पुसायला लागतो. साधं कोरं कार्ड अल्कोहोलमध्ये बुडवून दोन तोंडांमधून ओढायचं, ते काळं यायचं थांबेपर्यंत. मग पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने गॅप ०.०२० इंच. माझी खालची कॉइल तर बोटानेच कळत होती, भेगेत नख जात होतं. दोन्ही कॉइल बदलल्या, एक ठेवण्यात अर्थ नव्हता.

याचा अर्थ कार्बोरेटर साधुसंत आहे असं नाही. जुन्या मोटरीत कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट बुचाच्या लाकडाचा असतो, त्यावर लाखेचा थर, आणि पेट्रोलमधलं इथेनॉल तो थर विरघळवतं. मग फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो, आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. इथे पंपावर दहा टक्के इथेनॉल सर्रास असतं, भारतात तर आता वीस टक्के, तेव्हा तिकडे कुणाकडे असलं जुनं धूड असेल तर फ्लोट आधी बघा. कार्बोरेटर वाहतोय, टाकीशी खेळून फरक पडतोय आणि दोन्ही ठिणग्या मात्र निळ्या आहेत, एवढं जुळलं तर जरूर खोला, जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, वायर घालू नका, क्लीनर आणि हवा पुरते.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं एका ओळीत. हिला २४ ला १, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला साधारण २१० मिली, आणि ते टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींचं) लिहिलेलं, स्कूटरचं टूटी नाही.

कॉइल बसवल्यावर चौथ्या झटक्यात उठली पण ज्या पाण्याच्या पिंपात मोटर लावली होती त्याभोवती एवढा धूर झाला की बायकोने खिडक्या लावून घेतल्या. ही माझीच करणी. करंटचं दुखणं मी कार्बोरेटरच्या पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुया सोडून सोडून झाकत होतो, खालची हायस्पीडची सुई अडीच फेरे बाहेर होती! दोन्ही सुया अलगद टेकेपर्यंत आत घेतल्या, दाबून नाही, नाहीतर टोकाला खाच पडते, आणि मग खालची एक फेरा, वरची स्लो स्पीडची दीड फेरा बाहेर. बाकीचं तळ्यात, कारण पिंपात मोटरीवर खरा लोडच येत नाही. फुल थ्रॉटलला खालची सुई थोडी थोडी आत घ्यायची, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबायचं, शिंकली की पाव फेरा मागे, आणि मग कमी स्पीडला वरच्या सुईचं तसंच. माझी खालची सुई शेवटी एका फेऱ्याच्या जराशी आतच थांबली, पहिल्यांदा कार्बोरेटर खोलायच्या आधी जवळपास जिथे होती तिथेच.